पॉलियुरेथेन-जोडणी, प्रकाशदृढ आसंजकांनी

लवचिक उष्णतामृदू (तापविल्यास मऊ व थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होणाऱ्या) पॉलियुरेथेनाचे भाग प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव आसंजकाच्या (चिकटविणाऱ्या पदार्थाच्या) साहाय्याने एकमेकांस वा अन्य प्लॅस्टिकांस जोडण्याची पद्धती. कॅथेटर व इतर वैद्यकीय नळ्यांच्या निर्मितीत ती विशेष महत्त्वाची आहे. असा सांधा वापरात असताना सुटल्यास औषधाची गळती होते किंवा नळीचा तुकडा शरीरात राहण्याचा धोका संभवतो.

पॉलियुरेथेनांचे रसायनशास्त्र ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत विकसित केले. उष्णतामृदू प्रकारातील रेणुशृंखलेत मृदू व कठीण खंड आलटून पालटून असतात. पॉलिएस्टर वा पॉलिईथर यांच्या मृदू खंडांमुळे लवचिकता येते, तर हायड्रोजन बंधांनी एकत्र राहणाऱ्या कठीण खंडांमुळे बळकटी मिळते.

प्रकाशदृढ आसंजकात सामान्यतः युरेथेन ॲक्रिलेट अल्पवारिके, पातळ ॲक्रिलेट एकवारिके व प्रकाश-प्रारंभक असतात. ३६५ किंवा ४०५ नॅनोमीटर यांसारख्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून प्रारंभकापासून मुक्त मूलके निर्माण होतात व बहुवारिकीकरण सुरू होते. पुरेशी तीव्रता असल्यास ते बहुधा काही सेकंदांत पूर्ण होते. आसंजकाचे रासायनिक स्वरूप पॉलियुरेथेनाशी मिळतेजुळते असल्याने ते पृष्ठावर चांगले पसरते. काही एकवारिके पृष्ठभागात किंचित शिरतात, त्यामुळे बंध बळकट होतो; मात्र द्रव फार वेळ तसाच राहिल्यास नळी फुगते वा मऊ पडते.

या पद्धतीत प्रकाश सांध्याच्या तळापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. पॉलियुरेथेनात जंबुपार प्रारणरोधक किंवा गडद रंगद्रव्य असल्यास प्रकाश अडतो आणि बाहेरून घट्ट दिसणारा सांधा आत ओलाच राहतो. अशा वेळी दृश्य प्रकाशाने घट्ट होणारे आसंजक वापरतात किंवा जोडीचा दुसरा भाग पारदर्शक घेऊन त्या बाजूने प्रकाश देतात. हवेतील ऑक्सिजन मुक्त मूलकांशी संयोग पावतो; त्यामुळे उघडा पृष्ठभाग चिकट राहू शकतो. ॲरोमॅटिक पॉलियुरेथेन जंबुपार प्रकाशात पिवळे पडते, म्हणून प्रकाशाची मात्रा गरजेपुरतीच ठेवतात. साच्यातील वंगणे व पृष्ठावर येणारी मेणासारखी द्रव्ये बंध दुर्बल करतात; ती आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पुसून पृष्ठ पूर्ण कोरडे करतात.

घट्ट झालेले आसंजकही लवचिक असावे लागते. ताठर आसंजकाच्या कडेशी नळी वाकताना ताण एकवटतो व सोलून निघण्याची क्रिया तेथूनच सुरू होते. म्हणून एकात एक बसणारा, पुरेशा लांबीचा सांधा समोरासमोर टेकविलेल्या सांध्यापेक्षा श्रेयस्कर ठरतो. सांध्याची परीक्षा केवळ ओढून करणे पुरेसे नसते. वाकविणे, पाण्यात ठेवणे व निर्जंतुकीकरण यांनंतरचे बळही पाहावे लागते. तुटलेल्या पृष्ठांपैकी एकावरच आसंजक आढळल्यास पृष्ठबंध अपुरा होता, असे समजतात. दोन्हींवर आढळल्यास आसंजकच फाटले, असा निष्कर्ष निघतो.