ऐकायचं गाणं, गायचं गाणं!

रात्रीची जेवणं आटोपली. यजमानीणबाईंनी पाहुण्यांच्या हाती स्वरलिपीची पुस्तकं दिली. एका गृहस्थाला मात्र ती वाचून गाता येईना. मंडळींत कुजबूज सुरू झाली. लाजेनं चूर झालेला तो गृहस्थ मग शिष्य व्हायला थेट संगीतशिक्षकाकडे निघाला...

थॉमस मोर्ली या इंग्रज संगीतकाराच्या १५९७ सालच्या पुस्तकाची ही सुरुवात. जेवणानंतर असं मिळून गायचा एक लाडका प्रकार म्हणजे मॅड्रिगल. चार-पाच गायक, प्रत्येकाची चाल वेगळी, तरी सगळ्या चाली एकमेकींत गुंफलेल्या. साथीला वाद्य हवंच असं नाही.

मॅड्रिगलचं माहेर मात्र इटली. १५३० च्या सुमारास फ्लॉरेन्स आणि रोममध्ये ते बहरलं. शब्द पेट्रार्कसारख्या थोर कवीचे, पुढे तास्सो आणि ग्वारिनीचे. तिथं कविता मालकीण, संगीत तिची दासी! उसासा आला की सूर क्षणभर थांबणार, आकाश आलं की वर चढणार, मरणाचा उल्लेख आला की कानाला बोचणार. सुरुवातीला हौशी मंडळीही हे गात. पण गाणं अवघड होत गेलं. १५८० पासून फेराराच्या ड्यूकनं खास निवडलेल्या गायिका दरबारी ठेवल्या. हळूहळू गाणारे वेगळे, ऐकणारे वेगळे झाले.

१५८८ साली निकोलस याँग या गायकानं लंडनमध्ये इटालियन मॅड्रिगल इंग्रजी शब्दांत छापली. इंग्रजांना त्यांची गोडी लागली, पण त्यांनी ती आपल्या तब्येतीनं गायली. थोर काव्याचा आग्रह सुटला. वसंत, मेंढपाळ, लटकी भांडणं आली. मोर्लीच्या हलक्याफुलक्या गाण्यांत तर नाचता ठेका आणि कडव्यामागून 'फा-ला-ला'! अर्थ काही नाही, मजा पुष्कळ. जॉन विल्बीसारख्यांनी उदास, गंभीर रचनाही केल्या. पण चालीचा तोल ढळेल इतकं शब्दांमागं धावणं इंग्रजांना फारसं मानवलं नाही.

इटलीत शब्दांच्या याच ओढीतून पुढे एकट्या गळ्याचं नाट्यमय गायन आणि ऑपेरा आला. इंग्लंडमधला बहरही चाळीसेक वर्षांत ओसरला. पण १७४१ साली लंडनमध्ये काही हौशी मंडळींनी मॅड्रिगल सोसायटी काढून जुनी गाणी पुन्हा गायला घेतली. त्यांत दरबारी गवई नव्हते. होते ते विणकर आणि कारागीर!