गुलेरच्या माणकूची लंका

आज विजयादशमी. सायंकाळी आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून एकमेकांच्या हाती ठेवताना आम्हांस एका निराळ्या सुवर्णलंकेचे स्मरण होते. ती इ. स. १७२५ च्या सुमारास, कांगड्याच्या डोंगरांतील गुलेर या छोट्या संस्थानात माणकू या चित्रकाराने रेखाटली.

पहाडी लघुचित्र बहुधा हातात धरून न्याहाळावयाचे असते. लंकेच्या वेढ्याचे हे कागद मात्र सुमारे अडीच फूट रुंद! एकीकडे वानर-अस्वलांचा तळ, दुसरीकडे रावणाचा प्रासाद. एका पत्रावर शुक व सारण हे रावणाचे हेर वानरांच्या हाती सापडले आहेत आणि श्रीराम त्यांस सोडून देत आहेत. शत्रूच्या हेरांस अभय देणारा हा राम आम्हांस दशमुखावर बाण सोडणाऱ्या रामाहून उणा वाटत नाही.

मालिका पुरी झाली नाही. काही पत्रे रंग-सोन्याने सजली, काहींत रंग अर्ध्यावर थांबला, तर काही नुसत्या रेषांतच राहिली. आमचा ओढा, खरे सांगावयाचे तर, या शेवटच्या पत्रांकडेच अधिक. तेथे हात उघडा दिसतो.

यांतील कित्येक पत्रे आज बोस्टन, न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आहेत. त्यांवर कर्त्याचे नाव नाही. आनंद कुमारस्वामींसारख्या मर्मज्ञानेही ती जम्मूची व सतराव्या शतकातील मानली होती. १७३० च्या एका गीतगोविंद-चित्रमालिकेच्या अखेरच्या संस्कृत श्लोकात ‘माणकू’ हे नाव येते. पण हा माणकू कोण, कोणाचा?

उत्तर सापडले ते हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत. आपल्या नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांकडे नामावळ्या असतात, तशाच या वह्या. डॉ. बी. एन. गोस्वामी यांनी १९६० नंतरच्या दशकात त्या चाळल्या. १७३६ ची माणकूची नोंद तेथे आहे: गुलेरचा रहिवासी, सेऊचा पुत्र, जातीने तरखाण, म्हणजे सुतार. दरबारात मान्यता पावलेल्या या पुरुषाने गंगेकाठी सांगितली ती एवढीच ओळख. आज हत्यारांची पूजा मांडणाऱ्या आमच्या सुतारबंधूंना हे वाचून संतोष वाटेल.

धाकटा भाऊ नैनसुख, तोही मोठा चित्रकार, १७६३ मध्ये त्याच तीर्थी आला. त्याने पंड्याच्या वहीत स्वहस्ते मजकूर लिहिला आणि त्याबरोबर एक चित्रही काढून ठेवले.