छातीतल्या यंत्राला कुलूप

घराला कुलूप घातल्यावाचून आपण गावाला जात नाही. निघताना ते एकदा ओढूनही पाहतो. पण माणसाच्या छातीतल्या यंत्रालाही कुलूप हवे, असे कोणी म्हटले तर? हसू नका. गोष्ट खरी आहे.

हृदयाचे ठोके मंदावले की विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी ते सांभाळणारा पेसमेकर प्रथम १९५८ साली स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात बसवला गेला. आजचे अनेक पेसमेकर बिनतारी संदेश देतात आणि घेतातही. सोय केवढी मोठी! छाती पुन्हा न उघडता डॉक्टर ठोक्यांचा वेग बदलू शकतात. रोगी घरी असला तरी त्यांना यंत्राची खबर मिळते. पण जे यंत्र डॉक्टरांचे ऐकते, ते परक्याचे ऐकणार नाही कशावरून? यंत्राला काही चेहरा ओळखता येत नाही. संदेश कोणाचा, हे पारखण्याची सोय आत घातली असेल तरच ते पारखणार.

२००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगशाळेत हेच दाखवले. बिघडलेली हृदयगती धक्क्याने ताळ्यावर आणणाऱ्या एका यंत्रातली माहिती त्यांनी बिनतारी काढून घेतली. धक्का देण्याचा त्यांचा हुकूमही यंत्राने मुकाट मानला. यंत्र कोणाच्या शरीरात नव्हते, अंतरही काही सेंटिमीटरांचे होते. पण इशारा पुरेसा होता. पुढे २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी सुधारित आज्ञावली निघाली. शस्त्रक्रिया नको, दवाखान्यात तीनेक मिनिटांचे काम. तोवर कोणा रोग्याला इजा झाल्याची नोंद नव्हती. चोर येण्याआधी कुलूप बसले, इतकेच.

घरातल्या वस्तूंचे काय? २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि अशीच लाखो उपकरणे वश केली. कशी म्हणाल, तर कारखान्यातून आलेले संकेतशब्द तसेच राहिले होते. असे साठेक शब्द तिला पुरले!

मग काय करायचं? भिऊन पेसमेकर नाकारू नका. तो जीव वाचवतो. मात्र ‘याची आज्ञावली अद्ययावत आहे ना?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा. घरी कॅमेरा आणलात, तर त्याचा संकेतशब्द त्याच दिवशी बदला. नवे कुलूप आणून किल्ली त्यालाच लटकत ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते मी सांगायला नको!