एका मिनिटाच्या मोजणीचे मोल

औषधाची किंमत म्हणजे दुकानदार मागतो ती रक्कम, असे आपण सहसा मानतो. शेतमजुराच्या घरी मात्र तीत बुडालेला रोज, एस.टी.चे भाडे आणि घरी राहिलेल्या मुलांची सोयही धरावी लागते. साहजिकच खोकणाऱ्या मुलाला तालुक्याला नेणे ‘उद्या पाहू’ या शब्दांवर ढकलले जाते. जिवाणूजन्य न्यूमोनिया मात्र तेवढी सवड देत नाही. जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे सात लाख मुले न्यूमोनियाने दगावतात.

वस्तुतः हा रोग ओळखण्याचे पहिले साधन प्रत्येक घरात आहे. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील अर्भकात 60, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ज्याला आपण ‘पोट उडणे’ म्हणतो, हेही तेच सांगते. मूल पिईनासे झाले, निपचित पडले, त्याला झटके आले किंवा ओठ निळसर दिसले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील आजारी बाळाच्या बाबतीत तर घरगुती उपायांत वेळ घालवूच नये.

या मोजणीने रोगजंतू कोणता, हे कळत नाही, हे खरे. परंतु साधी सर्दी आणि औषधाची गरज असलेले आजारपण यांतील फरक ती पुष्कळसा दाखवते. अमॉक्सिसिलिन हे स्वस्त प्रतिजैविक योग्य मात्रेत व ठरलेले दिवस पूर्ण दिल्यास बहुतेक मुले बरी होतात. सर्दीला तेच औषध देणे हा दुहेरी तोटा होय : पैसा जातो आणि औषधाची धारही बोथट होते.

याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील गावांत आरोग्यसेवक व सुइणींना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकवले. निरक्षर सुइणींसाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी, अशी मोजणीची युक्तीही तयार केली. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशी सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू 54 टक्क्यांनी कमी होते. औषध तेच, फक्त ते दारापर्यंत आले होते.

2019 मध्ये केंद्र सरकारने ‘सांस’ मोहीम सुरू करून आशा कार्यकर्तीला हीच भूमिका दिली. 2021 पासून न्यूमोकोकल लसही देशभर मोफत मिळू लागली. तथापि, आशाच्या पिशवीत औषध आहे काय, तिचा मोबदला वेळेवर मिळतो काय, हे प्रश्न अंदाजपत्रकांच्या चर्चेत क्वचितच ऐकू येतात. इमारती दिसतात, टळलेले मृत्यू दिसत नाहीत. सार्वजनिक पैशाचा याहून किफायतशीर विनियोग शोधूनही सापडणे कठीण. ज्या समाजाला हा हिशेब कळतो, त्याने तो ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत मागितला पाहिजे.