फेसाळत्या पाण्यावरच्या कसरती

फ्रीस्टाइल कयाकिंग : एकाच लाटेवर किंवा भोवऱ्यात थांबून होडीच्या कसरती. स्पर्धेत वेळ 45 सेकंद. होडी आखूड, साधारण 2 मीटरच्या आत.

कयाक की कनू? कयाकच्या वल्ह्याला दोन पाती, कनूच्या वल्ह्याला एक.

शिकण्याचा क्रम
• रोल : उलटलेली होडी आत बसूनच सरळ करणे. सराव संथ पाण्यात.
• स्पिन : लाटेवर आडवी गिरकी.
• कार्टव्हील : नाक आणि शेपूट आळीपाळीने पाण्यात.
• लूप : पुढच्या दिशेने पूर्ण कोलांटी.

सराव कुठे? कल्याण-डोंबिवलीजवळची उल्हास खाडी भरती-ओहोटीची. तिथे खळाळ नाही. खळाळते पाणी रायगडमध्ये कोलाडजवळ, कुंडलिका नदीत. वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यामुळे प्रवाह उसळतो.

प्रवाहाचे काठिण्य : श्रेणी 1 ते 6.

अत्यावश्यक : हेल्मेट, लाइफ जॅकेट, सोबती.