टाकीवरचे नाव आणि रस्त्यावरची सोबत

पहाटे डेअरीला दूध घालणारा शेतकरी घ्या, चार कोसांवरच्या शाळेला जाणारे गुरुजी घ्या, नाहीतर बाजाराच्या गावी दुकान थाटणारा तरुण घ्या. आज यांतल्या प्रत्येकाच्या दारात फटफटी उभी असते. आणि पुण्याबद्दल तर बोलावयासच नको. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे आता दुचाकींचे शहर झाले आहे. रविवारी उजाडता उजाडता तेथून स्वारांचे घोळके बाहेर पडतात. कुणी सिंहगडाकडे जातो, कुणी ताम्हिणीच्या घाटात, तर कुणी वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणीला. तालुक्याच्या गावांतही आता असे गट दिसू लागले आहेत.

या गटांची एक गंमत आहे. पुष्कळसे गट गाडीच्या नावाने ओळखले जातात. हा बुलेटवाल्यांचा, तो जावा-येझदीवाल्यांचा, तिसरा ड्यूकवाल्यांचा. मग एखाद्या दिवशी त्यांतला एक गडी आपली गाडी विकतो आणि दुसऱ्या कंपनीची घेतो. आता त्याने गटात राहावे की राहू नये?

प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु त्याच्या पोटात दोन गंभीर गोष्टी आहेत. एक म्हणजे, गटातले स्थान टिकावे म्हणून माणूस न पेलणारी गाडी हप्त्याने घेतो. दुसरी म्हणजे, गाडी बदलल्याच्या संकोचाने तो गटात यावयाचा थांबतो आणि घाटात एकटाच हिंडू लागतो. पहिलीत पैसा जातो, दुसरीत प्रसंगी जीवही. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा विचार करू.

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण निवडीला वाव नव्हता. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि बुलेट देशात तयार होऊ लागली. १९६०च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला. पोलंडमधल्या एका गाडीच्या धर्तीवर बनलेली राजदूत आली, आणि तिने खेड्यापाड्यांत दुधाच्या कॅन वाहिल्या. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनत. १९७२ साली चेतक आली, तेव्हा तिच्यासाठी नाव नोंदवून लोक कित्येक वर्षे वाट पाहत. जी मिळेल ती आपली, अशी स्थिती होती. १९८४ ते १९८६ या काळात जपानी कारखान्यांच्या सहकार्याने सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी या नावांच्या शंभर सी.सी.च्या गाड्या आल्या. तेव्हा कोठे सामान्य माणसाला 'ही सोडून ती घेऊ का' असा विचार करता येऊ लागला.

मग एकाच नावाच्या गाडीवाल्यांचे गट जमले तरी का? केवळ मिरवण्यासाठी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे गरज होती. जुन्या गाड्यांचे स्वभाव निरनिराळे होते. जुनी बुलेट सुरू करावयाची म्हणजे आधी ॲमीटरचा काटा पाहावयाचा, किक हळूच दाबून इंजिन नेमक्या जागी आणावयाचे, डीकॉम्प्रेसरची लहानशी कळ ओढावयाची आणि मगच दणका द्यावयाचा. नाहीतर किक उलटून पायाला लागे. जावाची तऱ्हा वेगळी. तिच्या पेट्रोलमध्ये ठरल्या प्रमाणात तेल मिसळावे लागे. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. ही विद्या पुस्तकात नव्हती. ती एकाने दुसऱ्याला शिकवावयाची होती. सुटे भागही कुणाकडे काय पडले आहे, हे ओळखीनेच कळे.

म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. कारखाना गेला, दुकाने मिटली, तरी जावा आणि येझदी रस्त्यावर राहिल्या. त्या या ओळखीपाळखीच्या बळावर. त्यांचे चाहते आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावी जमून जावा दिन साजरा करतात. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाडीवर परत आले, २०२२ साली येझदीचेही आले. मधली बावीस वर्षे जावाचे नाव माणसांनी सांभाळले होते.

आता नावाचीच गोष्ट निघाली, तर तेही थोडे उलगडून पाहू. म्हैसूरच्या गाडीवर १९७३पासून जावाऐवजी येझदी हे नाव आले. कारखाना तोच होता, कारागीरही तेच. मग आदल्या वर्षीचा जावावाला आणि पुढल्या वर्षीचा येझदीवाला हे काय दोन जातींचे लोक झाले? एन्फील्डची मूळ इंग्रज कंपनी १९७० साली बंद झाली. बुलेट मात्र आपल्या देशात चालूच राहिली. हीरो आणि होंडा २०११ साली वेगळे झाले. हीरो होंडाची स्प्लेंडर हीरोची स्प्लेंडर म्हणून पुढे निघाली, आणि स्वाराला काही जाणवलेदेखील नाही. पुण्याजवळच्या चाकणला तर याहून मौज आहे. तेथे बजाजच्या कारखान्यात पल्सर तयार होते, ऑस्ट्रियाच्या के.टी.एम.ची ड्यूक तयार होते, आणि २०२३पासून इंग्लंडच्या ट्रायम्फचे नाव धारण करणारी चारशे सी.सी.ची गाडीही. पुण्याच्या रस्त्यावर एकमेकांना परके समजणारे दोन स्वार एकाच कारखान्याच्या फाटकातून आलेल्या गाड्यांवर बसलेले असू शकतात!

आपल्याकडे इर्जिकीची चाल होती, ती जुन्या मंडळींना आठवत असेल. एखाद्याची नांगरट मागे पडली, की शेजारपाजारचे शेतकरी आपापले बैल आणि औत घेऊन त्याच्या रानात उतरत आणि एका दिवसात काम उरकून टाकत. तो त्यांना पोटभर जेवू घाली. तेथे कुणाची जोडी खिल्लार असे, कुणाची गावठी. विचारले जाई ते एवढेच, की गडी वेळेवर आला की नाही. खिल्लार जोडी विकून गावठी घेतली म्हणून इर्जिकीतून कुणाचे नाव कमी झाल्याचे ऐकिवात नाही. मात्र बैल बदलले की औताची चाल बदलते, एवढे सगळ्यांनाच ध्यानात ठेवावे लागे.

गाडीचेही तसेच आहे. नाव बदलल्याने मैत्रीला बाधा येत नाही; पण हातापायांच्या सवयीला नक्की येते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असे. नंतरच्या गाड्यांत, नव्या बुलेटमध्येसुद्धा, हे उलटे झाले. वीस वर्षे जुनी बुलेट चालवलेला माणूस नव्या गाडीवर बसला आणि अचानक म्हैस आडवी आली, की त्याचा डावा पाय आपोआप खाली दाबला जातो. तेथे असतो गिअर. ब्रेक लागतच नाही. स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने पुढे दाबून पडतात. पल्सरचा पहिला दाबून पडतो आणि पुढचे वर उचलून. स्प्लेंडरवरून पल्सरवर आलेला माणूस वरचा गिअर टाकावयास म्हणून पाय दाबतो आणि खालच्या गिअरात जातो; इंजिन किंचाळते, मागचे चाक फरफटते. जुन्या जावाचा गिअर हलवला की क्लच आपोआप सुटे. ती सवय जडलेला माणूस दुसऱ्या गाडीवर हाताने क्लच दाबण्यास विसरतो. गीअरची स्कूटर चालवणाऱ्याचे गिअर तर डाव्या मुठीत असतात.

म्हणून गाडी बदलणाराने पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात किंवा बिनरहदारीच्या रस्त्यावर काढावेत. ब्रेक आणि गिअर यांचा सराव मनात विचार न आणता होईपर्यंत करावा. जुन्या मित्रांबरोबर पहिल्यांदा निघताना घाटाचा रस्ता टाळावा. आपण नवी गाडी आणली आहे, हे निघण्यापूर्वी सर्वांना सांगावे. त्यात कमीपणा कसला?

गटानेही आपली रीत थोडी बदलावी. १ एप्रिल २०१९पासून एकशे पंचवीस सी.सी.च्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचे झाले आहे. ब्रेक करकचून दाबला तरी चाक जागीच जखडू नये, अशी ही योजना. अशी गाडी थोड्या अंतरात सरळ थांबते. तिच्यामागे जुन्या ड्रम ब्रेकची राजदूत असेल, तर तिला तेवढ्यात थांबता येत नाही. तेव्हा दोन गाड्यांतले अंतर सर्वांत दुबळ्या ब्रेकच्या मानाने ठेवावे. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. पुढची गाडी ज्या खांबापाशी गेली, त्या खांबाशी आपण निदान दोन सेकंदांनी पोचावे, हा सोपा हिशेब. पाऊस किंवा धुके असेल तर हे अंतर दुप्पट करावे.

वेगाचेही तेच. सर्वांत हळू गाडीला जो वेग झेपेल तो गटाचा वेग. रस्ता जाणणारा एक अनुभवी माणूस पुढे असावा आणि तितकाच अनुभवी दुसरा सर्वांत मागे. मागच्याने कुणालाही आपल्या मागे राहू देऊ नये. पेट्रोलचे थांबे लहान टाकीच्या गाडीवरून ठरवावेत. गटात विजेवरची गाडी असेल, तर चार्जिंगची सोय आधी पाहावी. हा प्रसंग आता दूर नाही. चेतक हेच जुने नाव २०२० साली विजेच्या स्कूटरवर आले आहे, आणि लहानपणी वडिलांच्या चेतकवर पुढे उभी राहिलेली मंडळी ती चालवीत आहेत.

दुरुस्तीच्या बाबतीत जुन्या गटाचे महत्त्व कमी झाले, असे कुणी म्हणेल. त्यात थोडे तथ्य आहे. एप्रिल २०२०पासून नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी बहुतेक ठिकाणी इंधन फवारणारी यंत्रणा आली. तिचा दोष मिस्त्री यंत्र जोडून वाचतो. रस्त्याच्या कडेला पान्याने ती सुधारत नाही. पण पंक्चर सर्वांनाच होते. क्लचची वायर कुणाचीही तुटते. घसरून पडलेल्याला उचलणे, त्याची गाडी रस्त्यातून बाजूला घेणे, १०८ला फोन करणे, घरी कळवणे, या कामांना कोणत्याही कंपनीचे सुटे भाग लागत नाहीत. त्यांना माणूस लागतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ती विशेषतः शिक्षक बंधुभगिनींसाठी आहे. अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या आधीच मुलांच्या बोलण्यात गाड्यांची नावे येऊ लागतात. अमक्याकडे साडेतीनशे सी.सी. आहे, मग माझ्याकडे शंभरची कशी चालेल? अशा मुलाशी हिशेबाने बोलावे. साडेतीनशेची बुलेट सुमारे एकशे पंच्याण्णव किलोंची, स्प्लेंडर सुमारे एकशे बारा किलोंची. चिखलाच्या पाणंदीत कोणती ढकलता येईल? रोज डेअरीला जाऊन येण्यास पेट्रोल किती लागेल? एखाद्या महिन्यात पीक गेले तर हप्ता कोठून भरशील? हे आकडे फळ्यावर मांडले, की मुलाला आपोआप उमगते. हिशेबाअंती मोठी गाडी परवडत असेल तर जरूर घ्यावी. हौसेला मोल असतेच. पण गटात राहण्याची फी म्हणून ती घेऊ नये. आणि उलट बाजूने, कंबर दुखते म्हणून, घरात लेकरू आले म्हणून किंवा मुलीच्या शिक्षणाला पैसा हवा म्हणून ज्याने मोठी गाडी विकून लहान घेतली, त्याला हसू नये. त्याने शहाणपण केले आहे.

ज्या गटांनी आपले नाव गाडीवरून ठेवले आहे, त्यांनी ते खुशाल तसेच ठेवावे. नावाला इतिहास असतो. फक्त एक नियम त्यांनी वहीत लिहून ठेवावा. जो वेळेवर येतो, हेल्मेट घालून येतो, दारू पिऊन येत नाही, पुढे पळत नाही आणि मागे राहिलेल्यासाठी थांबतो, तो आपला. मग तो कोणत्याही गाडीवर येवो. आणि ज्याने गाडी बदलली आहे, त्याने संकोच न करता पुढच्या रविवारी ठरल्या वेळी ठरल्या जागी उभे राहावे. चार जण थट्टा करतील, ती हसून घ्यावी. अर्ध्या घाटात चहाला थांबेपर्यंत त्यांतला एखादा नक्की म्हणेल, "आण रे, जरा मलाही चालवून बघू दे तुझी."