जाम नदीतला पळस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. ते जंगलातून तोडून आणायचा मान सावरगावातल्या एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. घरी पूजा होते. मग लाल कापड, तोरण, नारळ आणि शेंड्याला झेंडा. पूजा आटोपली की दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. पांढुर्ण्याच्या गड्यांनी झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा आणि सावरगावकरांनी त्यांना अडवायचं, ही गोटमार.

कस लागतो तो झाडापाशी. कुऱ्हाड चालवायची तर दोन्ही हात गुंततात, डोकं झाकायला हात उरत नाही. झाड तोडणाऱ्याचा सगळा भरवसा काठावरच्या सोबत्यांवर. त्यांचा मारा ढिला पडला की समोरून गोट्यांचा पाऊस येतो आणि रक्ताळलेला गडी पाण्यातून मागे फिरतो. जखमेला देवीचा अंगारा लावून पुन्हा पात्रात उतरणारेही असतात. पांढुर्णा जिल्हा नवा आहे, २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून झालेला. गोटमार मात्र कितीतरी जुनी.

तिच्या जन्माच्या दोन कथा सांगतात. एक पांढुर्ण्याच्या मुलाची आणि सावरगावच्या मुलीची: पळून जाताना दोघं नदीत सापडली आणि दगडांखाली गेली. दुसरी भोसल्यांच्या फौजेची, जी इथे गोटमारीचा सराव करायची. लोकांच्या तोंडी पहिलीच जास्त. पुरावा कशालाच नाही, पण दगड हे लढाईचं हत्यार होतं यात नवल काही नाही. आपली गोफण पाखरं हाकायलाही चालते आणि माणूस पाडायलाही.

थेट अशीच प्रथा जपानात होती. मध्ययुगात पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, सणाला, लोक दोन तट करून नदीकाठी एकमेकांवर दगड फेकत. या खेळाला ‘इंजी-उची’ म्हणत. जपान म्हटलं की आपल्याला सामुराईची तलवार आठवते, पण त्यांच्या लढायांतही दगड होताच. १५७३च्या सुरुवातीला मिकाता-गा-हाराच्या लढाईत सरदार ताकेदा शिंगेनने दगडफेके आघाडीला उभे केले होते. १५८८ साली सत्ताधीश हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. तरी १६३७-३८च्या शिमाबारा बंडात, किल्ल्यात कोंडलेल्या शेतकऱ्यांनी वरून टाकलेल्या दगडाने नामांकित तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशीचा पाय जायबंदी झाला. तसं त्याने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलं आहे. शस्त्र हिसकावता येतं. नदीतले दगड कोण जप्त करणार?

म्हणूनच पांढुर्ण्यात बंदी टिकत नाही. दरवर्षी जमावबंदी लागते, गोफणीला मनाई होते, पोलीस आणि रुग्णवाहिका काठावर उभ्या राहतात. १९७८ आणि १९८७ साली पोलिसांना गोळीबार करावा लागला. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते बाजूला पडले आणि हात पुन्हा गोट्यांकडे गेले. जपानात तोकुगावांच्या राजवटीत दगडांवर बंदी आली, तेव्हा मुलं वेखंडाच्या जातीच्या पातीची वेणी वळून ती जमिनीवर आपटू लागली. ज्याची वेणी आधी तुटेल, तो हरला. ती पाती त्याच सणाची होती, पूजेतली होती. चेंडू बाहेरून आला होता.

गोट्यांनी डोळे गेले, हातपाय मोडले, घरचे कर्ते गेले. श्रद्धेचं नाव घेऊन ते झाकता कामा नये. झाड, झेंडा, देवी आणि दोन गावांची ईर्षा मात्र राहावी, आणि तिला वाट द्यायची तर ती याच रीतीतून काढावी लागेल. रीतीत तशी जागा आहेही. संध्याकाळपर्यंत पळस तुटला नाही तर दोन्ही गावं समजुतीने मारा थांबवतात, झाड काढतात आणि मिळून चंडीमातेच्या देवळात नेतात.